रियाच्या हाताचा वेग

मालवण, जेटी
४ नोव्हेंबर २०२५

सुदेशदादा,

नमस्कार लिहितो आणि लगेच मुद्द्याचं लिहितो, नाहीतर पेन ठेवून चहाला जाईन आणि हा कागद महिनाभर खिशात राहील. तू माझा नंबर ब्लॉक केलायस, म्हणून टपाल. तिकडे गुजरातेत, दहेजला, चार दिवसांत पोचेल असं पोस्टातली बाई म्हणाली. पत्र कोणाला, विचारलंन. सख्ख्या भावाला म्हटलं, तर म्हणते, "म्हंजे भांडान झाला." हल्ली पत्र म्हटलं की लोकांना एवढंच सुचतं.

मी कुठे पळालेलो नाही. किल्ल्याच्या होडीवर पर्यटकांना लाइफ जॅकेट बांधून देतो. रात्री होडीवाल्याच्या पडवीत झोपतो. तुझ्या घराची पायरी चढू नको म्हणालास, तर चढलो नाही. वहिनी कुंपणाशी येऊन बोलते, मी रस्त्यावर उभा असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं मी मासे विकायला आलोय.

तुझ्या रियाचं प्लास्टर सत्तावीस तारखेला काढलं. हाड बसलंय. पण उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वाकून राहिलीत. करंगळीला टाचणी टोचली तरी तिला कळत नाही. वही लिहायला घेतली की पेन निसटतं. हाडांचे डॉक्टर म्हणतात, कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा तुकडा सुटलाय आणि त्याखाली बहुतेक नस अडकलीय. म्हणजे कोपर उघडून नस मोकळी करायची. पण त्याआधी नसेची विजेची तपासणी करून घ्या म्हणाले. ते मशीन इकडे नाही. कोल्हापूरच्या एक डॉक्टरीण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ते पेटीत घालून कुडाळात येतात. वहिनीला हे सगळं एकटीने झेपत नाही. तू कामावरून मेपर्यंत येऊ शकत नाहीस. तेव्हा मीच नेणार. रागाव.

त्या दिवसाचं एकदा लिहून टाकतो. रियाला रापणीला मी नेलं हे खरं. तेरा वर्षांची झाली तरी किनाऱ्यावरून जाळं ओढायला कधी हात लावला नव्हता. दोरीला हात लावला की वाट्याला मासे मिळतात, मग तो हात कोणाचाही असो, हे तिला दाखवायचं होतं. लाट मोठी आली, जाळं परत आत गेलं, दोरी तिच्या हाताला आवळली, कोपर निसटलं. समुद्राने केलं ते. तू मात्र माझ्यावर ठेवलंस.

त्याच दिवशी एका पर्यटकाने ड्रोन उडवला होता. वरून रापण कशी दिसते माहीत आहे तुला? अर्धचंद्र. असो.

प्रीतम


कुडाळ, स्टँडमागे, दवाखान्याची पायरी
९ नोव्हेंबर २०२५, रविवार, साडेअकरा

दादा,

बातमी वाईट आहे, पण तुला वाटते तशी वाईट नाही. आधी नीट वाच.

सकाळी जितेंद्रच्या मासळीच्या टेम्पोतून आलो. रविवारी पहिली गाडी भरून येते आणि हातावर धक्का नको, म्हणून मीच टेम्पो ठरवला. वहिनी आणि रिया पुढे, मी मागे क्रेटवर. धामापूरच्या तळ्यावर धुकं होतं. तिथे उतरून पाच मिनिटं बघावं असं मनात आलं, पण वहिनीने मागच्या खिडकीतून असं बघितलं की गप्प बसलो.

दवाखान्यात एक सारिका म्हणून मुलगी आहे. ती मॅडमच्या आधी तारा लावून मोजमाप घेते. महिनाभरच झाला म्हणे तिला लागून. रियाच्या करंगळीकडच्या तळव्यावर छोट्या चिकटपट्ट्या लावल्या, मग मनगटावर विजेचा बारीक चटका दिला. बोट आपोआप उडालं. रिया "आवशे!" म्हणून ओरडली आणि मग हसायला लागली. मग कोपराखाली चटका, मग कोपरावर. प्रत्येक वेळी पडद्यावर डोंगरासारखी एक रेघ उठते. दोन जागांमधलं अंतर शिंप्याच्या टेपने मोजायचं, मधला वेळ मशीन सांगतं. त्यावरून नसेतून निरोप सेकंदाला किती मीटर धावतो ते निघतं. रियाच्या वयाला तो वेग पन्नासच्या वर हवा. आला एकोणचाळीस.

तिथवर ठीक. त्या हातालाच लागलंय. पण मग सारिकाने डावा हात घेतला, तुलना करायला. आणि तोही कमी! त्रेचाळीस. तिचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन विचारलंन, "घरात कोणाला हातापायांची शक्ती कमी आहे का? पाय ओढत चालणारं कोणी? काही मुलांना नसांचा आजार जन्मापासून असतो, तो घराण्यातून येतो."

दादा, मी लगेच आजोबांचं सांगितलं. ते डावा पाय ओढत चालायचे ना. तिने लिहून घेतलं.

म्हणजे बघ, ते रक्तातलं आहे. रापणीला नेलं नसतं तरी आज ना उद्या झालंच असतं. वहिनी पदराने तोंड दाबून बसलीय. मी बाहेर आलो. एवढ्या वाईट बातमीत माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, हे मी फक्त तुलाच लिहितोय. मॅडम अजून आल्या नाहीत. समोर कोणी टपरीवर भजी तळतंय.


त्याच दिवशी, दुपारी तीन

वरचं खोडलेलं नाही. वाच आणि शिव्या घाल, पण पुढचंही वाच.

मॅडम बाराला आल्या. डॉ. तेजस्वी. लहानखुऱ्या, पायात साधी चप्पल, हातात स्वतःचा डबा. सारिकाने कागद दिला. त्यांनी कागद पाहिलाच नाही, आधी रियाचा हात हातात घेतला. "अगं, किती गार हात हा! आणि वास कसला येतोय?"

रिया म्हणाली, "सुरमयचो."

मग सगळं निघालं. आपल्याकडे डॉक्टरकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. मी तीन किलोची सुरमई घेतली होती, थर्माकोलच्या पेटीत, वरखाली बर्फ. टेम्पोत पुढे पायाशी जागा नव्हती म्हणून पेटी रियाच्या मांडीवर दिली आणि सांगितलं, "दोनय हातांनी घट्ट धर, सोडू नको, मॅडमांचो मासो आसा." झाकण एका कोपऱ्यात फुटलेलं. मालवण ते कुडाळ तासभर पोरगी बर्फाला मिठी मारून बसली. पाणी मनगटांवरून ठिबकत होतं. तक्रार नाही केलंन. दवाखान्यात आल्याबरोबर सारिकाने हात पुसले आणि तारा लावल्या.

मॅडमनी कातडीवर काटा नसलेला छोटा थर्मामीटर लावला. सव्वीस अंश! "बत्तीसच्या खाली मोजायचंच नाही, मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?" हे सारिकाला. मग कागद बघून मला, "थंड नसेत वीज रेंगाळते हो. डावा हातही मंद, तिथेच कळायला हवं होतं. तुमच्या भाचीला आजार नाही, थंडी वाजतेय."

"पुतणी," मी म्हटलं.

"आणि आजोबांचा पाय?" त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

वहिनी उठून उभी राहिली. "कसलो आजार? सासऱ्यांच्या बापाशीच्या पायार नांगर पडलेलो, होडयेचो! साऱ्या गावाक ठावक आसा. भावजी, काय सांगितलंस तू?"

होय दादा. माहीत होतं मला. नांगर पडला होता. तुलाही सकाळी अर्धंच लिहिलं.

टपरीवरून दोन बादल्या गरम पाणी आणलं. रियाने दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवून वीस मिनिटं काढली. मॅडम तेवढ्यात डबा खाऊन आल्या. सुरमईकडे बघून म्हणाल्या, "मी लिंगायत. अंडंही खात नाही." सारिकाकडे दिली तर ती म्हणाली, तिचा उपवास. एवढा अपमान त्या सुरमईने समुद्रात कधी सोसला नसेल.

चौतीस झाल्यावर पुन्हा मोजलं. डावा हात, अठ्ठावन्न. मी रस्त्यात ऐकू जाईल एवढ्याने "हां!" म्हटलं. उजवा, मनगटापासून कोपराखालपर्यंत, छप्पन्न. म्हणजे तिथली नस धडधाकट. कोपर ओलांडताना मात्र रेघ एकदम बुटकी.

इथे मॅडम थांबल्या. कोपराच्या एक्स-रेची जुनी फिल्म उजेडात धरून बघितली. मग रियाला विचारलं, "बाळा, दोरी नक्की कुठे होती? कोपराच्या खाली, वर, हातात? नीट आठव. हाडाच्या तुकड्याखाली नस अडकली असेल तर कोपर उघडावं लागेल. दोरीने दुसरीकडे चेपली असेल तर गोष्ट वेगळी."

रियाने माझ्याकडे बघितलं. दादा, मी तिला कधीच सांगितलं नव्हतं की माझं नाव घेऊ नको. एकदाही नाही. ती म्हणाली, "हातात होती. लाट इली."

मॅडमनी तिची बाही वर सरकवली. कोपराच्या वर दोन बोटं, आतल्या बाजूला, एक फिकट पट्टा आहे. प्लास्टरचा वण समजत होते सगळे.

मग मी बोललो. दोरी घसरत होती, म्हणून मीच सांगितलं हाताला वेढा घे म्हणून. गोव्यात पॅराशूटच्या होडीवर होतो तेव्हा ते दोरीचा खुंट्याला वेढा देतात, तशी अक्कल मी इथे चालवली. दोरी मुठीत धरावी, अंगाला वेढा द्यायचा नाही, हे आपल्या किनाऱ्यावर शेंबड्या पोराला माहीत आहे. मग मी ड्रोन बघायला गेलो. लाट आली तेव्हा तिला हात सोडवता येईना. मी तिच्यापासून साठ पावलं लांब होतो आणि आभाळाकडे बघत होतो.

मॅडमनी फक्त खुर्ची पुढे ओढली आणि त्या पट्ट्याच्या अलीकडून पलीकडे बोटबोट अंतरावर चटके देत गेल्या. कोपराच्या खाचेत रेघ उंच. हाडाच्या तुकड्याशी उंच. जरा वर, उंच. पट्ट्यावर आल्या आणि डोंगराची टेकडी झाली.

"इथे," त्या म्हणाल्या. "हाडाशी काही संबंध नाही."

मग बारीक सुई, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या मांसात. रिया रडली तिथे. वहिनीने तिचं डोकं पोटाशी धरलं. मशीनमधून मोहरी तडतडल्यासारखा थोडा आवाज येत होता. मॅडम म्हणाल्या, "आता बोट बाजूला ढकल. माझ्या बोटाला मार." आणि त्या तडतडीतून ठक, ठक, ठक असा आवाज सुरू झाला, कोणी दार वाजवल्यासारखा. थोडेच ठोके, पण होते.

"हे ऐकलंत? नस तुटलेली असती तर हे आलं नसतं. काही तंतू गेलेत, त्यांची ती तडतड, पण बरेच फक्त झोपलेत. मुलांच्या नसा मोठ्यांपेक्षा लवकर सावरतात. कोपर उघडायला मी तरी सांगणार नाही, तुमच्या डॉक्टरांना तसं लिहून देते. बोटांचे व्यायाम, रात्री पट्टी, आणि फेब्रुवारीत परत या. मासे न आणता."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्या म्हणाल्या, "तारेवर पाय देऊ नका."

बाहेर आल्यावर वहिनी बोलली. "शिरा पडली तुझ्या तोंडार! महिनोभर माझ्या चेडवाक खोटा बोलूक लावलंस."

"मी नाय लावलंय, वयनी."

"गप रवलंस, म्हंजे लावलंसच. आता फोनार मी ह्यांका कायएक सांगूचंय नाय. तपासणी बरी झाली, इतक्याच सांगतलंय. दोरयेचा तूच लिव."

म्हणून लिहितोय. दोरी माझ्या सांगण्यावरून गुंडाळली. समुद्राचं मी जे लिहिलं होतं ते काढून टाक.

प्रीतम


कसाल
१४ डिसेंबर २०२५

दादा,

तुझं कार्ड वहिनीने मला कुंपणावरून दिलं. मला उद्देशून काही नाही, सही नाही, एकच ओळ: "सांगितलंस की गुंडाळलीस?"

पंधरा दिवस झाले ते कार्ड घेऊन फिरतोय. होडीचं काम सोडलं. मधे पिंगुळीला एकाच्या ओळखीने कळसूत्री बाहुल्यांचा खेळ बघायला गेलो, तिथे तीन दिवस राहिलो, पडदे बांधायला मदत केली. सुतं ओढणाऱ्या म्हाताऱ्याची करंगळी बघत बसायचो. ती एक वेगळंच काम करते, बाकीची बोटं दुसरंच. बाहुली वळते ती करंगळीवर. त्याला मी विचारलं, हे बोट गेलं तर? तो म्हणाला, "गेला तर तेच्या शेजारचा शिकात. पण मगे तो खेळ वेगळो." मला तिथे बसवेना. आता कसालला हायवेवर एका गॅरेजमध्ये पंक्चर काढतो.

तू असा आहेस. लहानपणीही असंच करायचास. फोडलेली काच दाखवली की विचारायचास, दगड कुठला होता.

मी गुंडाळली. सांगितलं नाही, गुंडाळली. माझ्या हातांनी, दोन वेढे, आणि टोक आतून खोचलं, सुटू नये म्हणून. ती म्हणाली होती, "काका, घट्ट होता." मी म्हटलं, "घट्टच व्हया." मॅडमसमोर मी 'वेढा घे सांगितलं' म्हटलं तेव्हा रियाने मान खाली घातली. तेवढंही तिने झाकलं.

आता माझ्याकडे लपवण्यासारखं उरलं नाही. खिसे उलटे करून ठेवलेत.

व्यायामाचं सांगतो. रोज संध्याकाळी वहिनी मला व्हिडिओ कॉल लावून दाखवते. बोटं फाकवायची आणि जवळ आणायची. बोटांच्या मधे कागद धरायचा आणि दुसऱ्याने ओढायचा. पहिल्या आठवड्यात कागद टेबलावरून उचलल्यासारखा सहज निघायचा. काल वहिनीला दोनदा ओढावा लागला. रिया म्हणाली, "आये, फसवतंस तू, हळू ओढ." तशी वहिनी खरोखर जोर लावून ओढायला लागली आणि कागद फाटला. मग रियाच हसली.

तिचं लिहिणं डाव्या हाताने चालू आहे. अक्षर माझ्यासारखं झालंय, म्हणजे बघ किती वाईट.

तू काही लिहू नकोस, लिहिलंस तर बरं.

प्रीतम


मालवण
८ फेब्रुवारी २०२६, रविवार, संध्याकाळ

दादा,

आज एसटीने गेलो. पेटी नाही, मासा नाही, स्वेटर घालून नेलं आणि वर हातमोजे. फेब्रुवारीच्या कुडाळात हातमोजे घातलेली पोरगी बघून कंडक्टर म्हणाला, "बाय, हिमालयात जातंस काय?" रिया म्हणाली, "तपासणीक." तो गोंधळला, पण तिकीट अर्धं दिलंन.

सारिकाने या वेळी आधी हात पकडून बघितला, मग थर्मामीटर, मग पुन्हा हात. चौतीसच्या वर होता तरी मला म्हणाली, "गरम पाणी आणताय का?" मी गेलो आणि आणलं. तिने ते प्यायला वापरलं. आता तिचं बरं चाललंय.

उजवा हात, मनगटापासून पट्ट्याच्या खालपर्यंत सत्तावन्न. पट्ट्यावरून ओलांडताना अठ्ठेचाळीस. नोव्हेंबरात जिथे टेकडी होती तिथे आज डोंगर आहे, डाव्या हाताच्या पाऊणपट उंच. मॅडमनी दोन्ही रेघा एकाखाली एक लावून दाखवल्या. मी मोबाइलने फोटो काढला आहे. पण तुला कसा पाठवू?

सुई पण टोचली. मोहरीचा आवाज जवळजवळ नाही. ठोके एवढे दाट की मशीन गुरगुरल्यासारखं वाटत होतं. मॅडम म्हणाल्या, "नवीन तंतू जोडले जाताहेत. करंगळीला अजून सहा महिने मुंग्या येतील, त्या चांगल्या. परत यायची गरज नाही. आलात तर भेटायला या."

हाडांच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विषय केव्हाच बंद केलाय, हे तुला वहिनीने सांगितलंच आहे.

बाहेर येऊन वहिनी पायरीवर बसली आणि रडली. चार महिन्यांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. मी पाण्याची बाटली घेऊन उभा. ती म्हणाली, "उगी रव, भावजी, माका रडूंदे. आता रडूक हरकत नाय." मग तोंड धुतलंन आणि आम्ही तिघांनी स्टँडवर मिसळ खाल्ली. ती बरी नव्हती. आम्ही दुसरी प्लेट मागवली.

येताना रिया खिडकीशी, मी मधे, वहिनी पलीकडे झोपलेली. चौके गावापर्यंत रिया मागे जाणारी झाडं मोजत होती. मग एकदम म्हणाली, "काका, तू बाबांका सगळा लिवलंस?"

"लिवलंय."

"दोन वेढे पण?"

"दोन वेढे पण."

"खोचलेला?"

"ता पण."

तिने हातमोजा काढला, उजवा. माझ्या दंडावर अंगठा आणि पहिलं बोट टेकवलं आणि चिमटा काढला. आधी मला वाटलं लाडाने. मग तिने दात आवळले आणि पिळला. मी ओरडलो, वहिनी दचकून जागी झाली, पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने मागे वळून बघितलं. कागद धरता येत नव्हता त्या बोटांना, दादा.

"ह्यो बाबांचो," ती म्हणाली. "माझो अजून रवलो आसा."

आणि हातमोजा परत घालून खिडकीबाहेर बघत बसली.

दंडावर जांभळं झालंय, रुपयाएवढं. लिहिताना सारखा हात तिकडेच जातो, दाबून बघतो, दुखतं. अजून दुखतं.

प्रीतम